लेकराचा श्वास मोजा



दर वर्षी ७ फेब्रुवारीला आपण विहारात माता रमाईची जयंती करतो. प्रतिमेला हार घालतो, मेणबत्ती लावतो, तिच्या कष्टाबद्दल आणि त्यागाबद्दल बोलतो. पण भाषणांत एक गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. रमाईला पाच लेकरे झाली. त्यांतला यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. चरित्रकारांनी त्याच्या मृत्यूचे कारण दुहेरी न्यूमोनिया, म्हणजे दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया, असे नोंदले आहे. त्यानंतर ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या आपल्या स्नेह्याला जे पत्र लिहिले, ते कोणत्याही बापाने वाचावे आणि गप्प व्हावे असे आहे.

त्या वेळी बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या पदव्या त्यांच्याजवळ होत्या. कुटुंब मात्र परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते आणि घरात गरिबी होती. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. १९२६ साली पैसा असता तरी न्यूमोनियावर खात्रीचे औषध जगात कुठेच नव्हते. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. ते रुग्णांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडले. राजरत्नाला वाचवणारी गोळी तेव्हा तयारच झालेली नव्हती.

आज ती गोळी आहे. ती स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लस आहे, ऑक्सिजन आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने गेली. त्या वयातल्या दर सात मृत्यूंमागे जवळपास एक. ही लेकरे अमेरिकेत, युरोपात फारशी मरत नाहीत. ती मरतात गरीब देशांत, आणि त्या देशांतही गरीब वस्त्यांत. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांतही अनुसूचित जाती-जमातींमधले बालमृत्यू इतरांपेक्षा जास्तच दिसत आले आहेत.

म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. लेकरू खोकल्याने का मरते, आणि चुडाव्यातल्या किंवा आसपासच्या वाडी-तांड्यावरच्या आईच्या हातात ते थांबवण्यासाठी काय आहे.

छातीत नेमके काय होते

आपल्या फुप्फुसांत हवेचे बारीक बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. श्वास घेतला की हे फुगे हवेने भरतात आणि हवेतला प्राणवायू तिथून रक्तात जातो. न्यूमोनियात जंतूंमुळे या फुग्यांत पू आणि पाणी साचते. हवा आत जायला जागा उरत नाही. रक्ताला प्राणवायू कमी पडू लागतो.

मग शरीर काय करते? कमी पडलेला प्राणवायू भरून काढण्यासाठी श्वास भराभर घेऊ लागते. ही पहिली खूण. तेवढ्याने भागले नाही तर छातीचे स्नायू जोर लावतात, आणि श्वास आत घेताना खालच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. ही दुसरी खूण. लहान लेकराच्या बरगड्या मऊ असतात, म्हणून हे उघड्या डोळ्यांना दिसते. पुढे लेकरू थकते. त्याला दूध ओढता येत नाही, ते मलूल पडते, ओठ निळे-काळे पडतात. शेवटी श्वास घ्यायची ताकदच संपते.

आपल्याकडची जुनी माणसे हे सगळे ओळखत होती. ‘लेकराला डबा झालाय’, ‘ल्हाक लागलीय’, ‘पोट उडायलंय’ हे शब्द उगीच आलेले नाहीत. आपल्या आज्यांना दुखणे दिसत होते. त्यांच्याजवळ उपाय नव्हता, म्हणून त्या बिब्बा घालत, पोटावर डागण्या देत. मेळघाटात तापलेल्या विळ्याने पोटाला चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथाही यातूनच आली. चटक्याने फुप्फुसातला पू जात नाही. लेकराच्या अंगावर जखम मात्र होते, ती चिघळू शकते, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे दवाखान्यात जायचा दिवस वाया जातो.

हे होते म्हणून ते होते

तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. हे असले म्हणजे ते होते, हे नसले म्हणजे ते होत नाही. लेकराचा मृत्यूही असाच आहे. तो नशिबात लिहिलेला नसतो, कुणाची नजर लागलेली नसते, कुणी करणी केलेली नसते. त्याच्यामागे कारणांची साखळी असते. साखळीतली एक कडी जरी तुटली तरी लेकरू वाचू शकते. त्या कड्या एकेक करून पाहू.

पहिली कडी जंतूंची. न्यूमोकोकस आणि हिब हे दोन जिवाणू लहान मुलांत गंभीर न्यूमोनिया करतात. विषाणूंमुळेही तो होतो. त्यांत आरएसव्ही नावाचा विषाणू एक वर्षाखालच्या बाळांना फार त्रास देतो. गोवर आणि डांग्या खोकला यांच्या मागोमागही न्यूमोनिया येतो. गोवरात जी मुले जातात, त्यांतली बरीच प्रत्यक्षात गोवरानंतरच्या न्यूमोनियाने जातात. गोवर म्हणजे देवी आली असे समजून लेकराला घरातच ठेवणे म्हणूनच घातक आहे.

दुसरी कडी कुपोषणाची. हीच सगळ्यात जड. जंतू सगळ्यांच्याच घरात शिरतात, पण धडधाकट लेकरू खोकून बरे होते आणि वाळलेले लेकरू मरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले उंचीने खुरटलेली आणि ३६.१ टक्के वजनाने कमी आढळली. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाहून जास्त. कमी वजनाचे जन्मलेले बाळ तर पहिल्या दिवसापासूनच धोक्यात असते. त्यामागे आईचे पोट असते. गरोदरपणातही ती शेवटी जेवते आणि कमी जेवते, नववा महिना लागेपर्यंत रोजाने जाते.

तिसरी कडी दुधाची. बाळंतपणानंतरचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकायची रीत अजून काही घरांत आहे. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरे काही नको, पाणीसुद्धा नको. घुटी, मध, गाईचे पातळ केलेले दूध यांनी बाळाचे पोट भरते, पण आईच्या दुधातून मिळणारे संरक्षण जाते.

चौथी कडी धुराची. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जातात. घर एका खोलीचे, धूर जायला धड वाट नाही, आणि स्वयंपाक होईपर्यंत लेकरू आईच्या मांडीवर. या धुरातले बारीक कण थेट फुप्फुसात जातात आणि तिथले संरक्षण दुबळे करतात. घरातल्या धुरामुळे बालकाला न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिडी-सिगारेटचा धूर वेगळाच. त्यात बाळंतिणीची शेगडी आणि बाळाला दिली जाणारी ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी. बाळाला ऊब हवी, धूर नको.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अलीकडे तमिळनाडूसह चार देशांतल्या गावांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात गरोदर बायांच्या घरी गॅस आणि सिलिंडर फुकट पुरवले. धूर कमी झाला, पण वर्षाखालच्या बाळांतला गंभीर न्यूमोनिया लक्षणीय कमी झालेला दिसला नाही. याचा अर्थ धूर चांगला असा नाही. याचा अर्थ एकच कडी तोडून बाकीच्या तशाच ठेवल्या तर साखळी टिकून राहते. गॅसच्या जोडीला अन्न, लस आणि वेळेवर उपचार हवेतच.

पाचवी कडी गर्दी आणि थंडीची. मराठवाड्यात परभणीची थंडी नावाजलेली आहे. डिसेंबर-जानेवारीत पत्र्याच्या घरात पहाटे काय गारठा असतो ते वेगळे सांगायला नको. एका गोधडीत पाच जण झोपले की एकाचा खोकला पाचांना लागतो. थंडीमुळे जंतू निर्माण होत नाहीत, पण दारे-खिडक्या बंद होतात, माणसे जवळजवळ झोपतात, आणि लहान बाळाची शक्ती अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. हेच दिवस कापूस वेचणीचे आणि ऊसतोडीचे. लेकरू धुऱ्यावर झोळीत किंवा फडात पाचटावर. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या लेकराची लस चुकते, अंगणवाडी सुटते, आणि ओळखीची आशाताईही जवळ नसते.

सहावी कडी उशिराची. न्यूमोनिया फार वेळ देत नाही. लहान बाळ दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाते, तान्हे बाळ तर काही तासांत. आणि आपला उशीर तीन ठिकाणी होतो. पहिला, दुखणे ओळखण्यात. ‘साधी सर्दी आहे, होईल बरी.’ दुसरा, निघण्यात. मालक घरी नाही, हातात पैसे नाहीत, सासूबाई म्हणतात उद्या बघू, रात्रीचे वाहन नाही. तिसरा, योग्य उपचार मिळण्यात. गावातल्या कुणी तरी एक सुई मारली, बाटलीतले लाल औषध दिले, दोन दिवस गेले. आजारी लेकरू मुलगी असेल तर हा उशीर अनेक घरांत आणखी वाढतो. हे आपण मान्य केले पाहिजे. समतेचे नाव घेणाऱ्या घरात तरी असे होता कामा नये.

गडचिरोलीने काय दाखवले

ही साखळी गावातच तोडता येते, हे आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे गावोगावी लेकरे न्यूमोनियाने जात होती आणि डॉक्टर होता कोसो दूर. तेव्हा त्यांनी साधा प्रश्न घेतला. डॉक्टर गावात येत नसेल, तर न्यूमोनिया ओळखण्याची आणि औषध देण्याची विद्या गावातल्याच माणसाला देता येईल का?

त्याच्या आधी पापुआ न्यू गिनी या गरीब देशात फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञाने दाखवले होते की खोकला असलेल्या मुलात न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागतोच असे नाही. एका मिनिटात श्वास किती, एवढे मोजले तरी बहुतेक रुग्ण सापडतात. बंग दांपत्याने ते आपल्या गावांत आणले. ५८ गावांत आरोग्यदूतांना आणि दायांनासुद्धा शिकवले. आई-बापांना त्यांच्याच बोलीतले शब्द वापरून खुणा समजावल्या. दायांना लिहिता-वाचता येत नव्हते, मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांचे आणि एक मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे श्वास मोजण्याचे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

याचा निकाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जिथे हे काम झाले तिथे न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी शेकडा ०.८ दगावली. शेजारच्या, असे काम न झालेल्या गावांत शेकडा १३.५ दगावली. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे ८.१ आणि दुसरीकडे १७.५. म्हणजे निम्म्याहून कमी. तिथे मोठे हॉस्पिटल बांधले नव्हते. निरक्षर बाईच्या हातात ज्ञान आणि साधी गोळी दिली होती, एवढेच. ज्यांना हजारो वर्षे ज्ञानापासून दूर ठेवले गेले, त्यांच्याच हातात ज्ञान आल्यावर लेकरे वाचली, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

पुढे याच संस्थेने तान्ह्या बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. आज आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा, आणि बाळंतपण घरी झाले असेल तर सात वेळा तुमच्या दारी येते, ती याच कामामुळे. तिला दारातून परत पाठवू नका.

श्वास कसा मोजायचा

हे आज रात्रीच घरी करून पाहा. आजारी नसलेल्या लेकरावर सराव करा, म्हणजे वेळेला हात थरथरणार नाही.

लेकरू शांत असावे. रडत असेल, दूध पीत असेल तर मोजू नका, आकडा चुकतो. झोपेत असेल तर उत्तम. अंगातले झबले किंवा सदरा वर करा. पोट आणि छाती दिसली पाहिजे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोबाइलमधले घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो.

आता हे तीन आकडे पाठ करा:

- दोन महिन्यांखालचे बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
- दोन महिने ते एक वर्ष: मिनिटाला ५० किंवा जास्त
- एक वर्ष ते पाच वर्षे: मिनिटाला ४० किंवा जास्त

खोकला किंवा सर्दी आहे आणि श्वास एवढा किंवा याहून जास्त आहे, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. अंगात ताप जास्त असला तरी श्वास वाढतो. म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजावा, पण त्या नावाखाली दिवस घालवू नये. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त आला तर लगेच दुसऱ्यांदा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर गावात थांबू नका, थेट मोठा दवाखाना. एवढ्या लहान बाळाचा प्रत्येक न्यूमोनिया गंभीरच असतो.

या खुणा दिसल्या तर एक मिनिटही थांबू नका

- श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो
- श्वासाबरोबर बाळ कण्हते, किंवा शांत असतानाही घशातून घरघर-शिट्टीसारखा आवाज येतो
- दूध पीत नाही, पाणी पीत नाही
- खाल्ले-प्याले ते सगळे उलटून पडते
- झटके येतात
- मलूल पडले आहे, हलवूनही नीट जागे होत नाही
- ओठ, जीभ, नखे निळी-काळी दिसतात
- तान्ह्या बाळाचे अंग तापले आहे किंवा उलट गार पडले आहे

यातली एकही खूण दिसली तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका फुकट आहे. चुडाव्याहून एका बाजूला पूर्णा आणि परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड. कुठे न्यायचे, गाडी कुणाची, पैसे कुठून, हे लेकरू चांगले असतानाच घरात ठरवून ठेवा. मध्यरात्री ठरवायला बसलात तर पहाट होते. जाताना बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावून वरून चादर-शाल गुंडाळा. ऊब टिकते. पीत असेल तर दूध पाजत राहा.

काय करावे, काय करू नये

श्वास साधा आहे, लेकरू खेळते आहे, पिते आहे, फक्त नाक वाहते आणि खोकला आहे, तर ती साधी सर्दी. तिला प्रतिजैविकाची गोळी लागत नाही, सुई लागत नाही. अंगावरचे दूध जास्त वेळा द्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला कोमट पाणी, वरणाचे पाणी, पातळ खिचडी द्या. नाक मऊ फडक्याने साफ करा. श्वास मात्र दिवसातून दोन-तीन वेळा मोजत राहा, कारण साध्या सर्दीचाच पुढे न्यूमोनिया होऊ शकतो.

न्यूमोनिया निघाला आणि डॉक्टरांनी अमोक्सिसिलिनची गोळी दिली, तर जेवढे दिवस सांगितली तेवढे दिवस पूर्ण द्या. दुसऱ्या दिवशी लेकरू हसले म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवू नका. दोन दिवसांत उतार पडला नाही तर परत दाखवा.

बाळाच्या नाकात तेल सोडू नका. आंघोळीच्या वेळी नाकात, कानात तेलाचे थेंब टाकायची आपल्याकडे सवय आहे. ते तेल घसरून फुप्फुसात उतरते आणि त्यानेच न्यूमोनिया होतो. एक वर्षाखाली मध चाटवू नका.

दुकानातून खोकल्याची बाटली आणू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. शिवाय न्यूमोनियात अशा बाटलीचा काही उपयोगच नसतो.

आणि अंगारा, उतारा, धागा, डागण्या या गोष्टी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नकोतच. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि लेकराच्या दंडाला मंतरलेला दोरा, हे दोन्ही एकत्र शोभत नाही. पण ज्या आईने घाबरून तसे केले तिला हिणवू नका. तिला श्वास मोजायला शिकवा. भीती ज्ञानाने जाते, टोमण्याने जात नाही.

आपला हक्क

न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आली आहे. ती बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर अशी तीन वेळा मिळते. खाजगीत या लसीला हजारो रुपये पडतात, सरकारी केंद्रात फुकट आहे. हिबपासून आणि डांग्या खोकल्यापासून वाचवणारी पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. गोवर-रुबेलाची नऊ महिन्यांना आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत. लसीनंतर दोन दिवस अंग तापते म्हणून पुढची लस चुकवू नका. ऊसतोडीला जाताना लसीकरणाचे कार्ड गाठोड्यात ठेवा. जिथे जाल तिथल्या केंद्रात लस मिळते, नाकारता येत नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘सांस’ ही न्यूमोनियाविरोधी मोहीम सुरू केली. दर वर्षी १२ नोव्हेंबरच्या जागतिक न्यूमोनिया दिनापासून ती थंडीभर चालते. आशाताईने श्वास मोजावा, पहिली गोळी द्यावी आणि पुढे पाठवावे, आरोग्य केंद्रात बोटाला लावून प्राणवायू पाहण्याचे यंत्र असावे, असे त्यात ठरलेले आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधे आणि ने-आण फुकट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळ्यांनाच उपचार मोफत आहेत.

हे कागदावर आहे. प्रत्यक्षात केंद्रात गोळी आहे का, यंत्र चालू आहे का, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहे का, रात्री कुणी असते का, हे विचारणे आपले काम. ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा. बाबासाहेबांनी आपल्याला मागणे शिकवले, ते भीक मागणे नव्हे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक म्हटले आहे.

विहारात काय करता येईल

पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास पुरेसा आहे. आशाताईला बोलवा. दहा आया, दहा बाप आणि दहा आज्या बसवा. आज्या आणि बाप मुद्दाम, कारण निघायचे की थांबायचे हे पुष्कळ घरांत तेच ठरवतात. एकेका लेकराचा श्वास सगळ्यांनी मिळून मोजा. ६०, ५०, ४० हे आकडे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. वस्तीतल्या कुणाची गाडी रात्री मिळेल, त्या दोघा-तिघांचे नंबर त्याच भिंतीवर असू द्या. महिला मंडळाने थोडी वर्गणी वेगळी ठेवावी, म्हणजे मध्यरात्री कुणाला सावकाराचे किंवा मालकाचे दार ठोठवावे लागणार नाही. ऊसतोडीहून परतलेल्या प्रत्येक घरात जाऊन लसीचे कार्ड पाहावे.

किसा गोतमीची कथा आपण धम्मवर्गात ऐकतो. मेलेले बाळ कवटाळून ती दारोदार मूठभर मोहऱ्या मागत हिंडली. ज्या घरात कुणी मेले नाही, असे घर तिला सापडले नाही. मृत्यू कुणालाच चुकलेला नाही, हे तिला उमजले. ते खरेच आहे. पण आई-बापाच्या डोळ्यांदेखत वर्षाच्या लेकराने श्वासासाठी तडफडून जाणे, हे न चुकणारे नाही. त्याची कारणे आपल्याला माहीत आहेत आणि ती दूर करता येतात.

राजरत्नासाठी औषध नव्हते. आपल्या लेकरांसाठी आहे. येत्या रमाई जयंतीला प्रतिमेला हार घालण्याआधी प्रत्येकाने एका लेकराचा श्वास मोजावा.

जयभीम. नमो बुद्धाय.